थोरल्या क्लॅरिओनेटची बैठक

लग्नाची वरात दाराशी आली म्हणजे ताशाच्या कडकडाटातून आणि पितळी वाद्यांच्या गलबल्यातून एक गोड, किंचित अनुनासिक आवाज वर येतो आणि गाण्याची चाल एकट्याने पुढे नेऊ लागतो. तो क्लॅरिओनेटचा. काळ्या रंगाची, चकचकीत चाव्या मिरवणारी ही नळी सुमारे दीड हात लांब आणि वजनाला किलोपेक्षाही कमी. वाजवणारा ती ओठांत धरून, दोन्ही हातांनी पेलून, खुशाल मैलभर चालतो. वरातीतून हे वाद्य तमाशाच्या फडात शिरले, लावणीच्या मागे उभे राहिले, आणि आज ते मुळात परक्या मुलखाचे आहे असे सांगितले तर पुष्कळांना नवल वाटेल.

परंतु या वाद्याला थोरली भावंडे आहेत. ती आपल्या वरातीत सहसा दिसत नाहीत. त्यातले पहिले बेस क्लॅरिओनेट. ते आपल्या ओळखीच्या वाद्यापेक्षा एक सप्तक खाली बोलते. त्याहूनही थोरले काँट्राबेस. ते दोन सप्तके खाली उतरते. ही वाद्ये काय वाजवतात, कोणी त्यांच्यासाठी काय लिहिले, यावर जाणत्यांनी ग्रंथ लिहिले आहेत. मला मात्र या घराण्यात निराळ्याच गोष्टीचे कुतूहल आहे. एवढे मोठे वाद्य घेऊन माणसाने बसावे तरी कसे? अंगठा, मनगट, मान आणि मांडी यांचा या वाद्याशी जवळजवळ अडीचशे वर्षे झगडा चालला आहे, आणि वाद्याचा आकार त्या झगड्यातूनच घडला आहे. मी शाळामास्तर आहे. बाकाच्या मापाचे मूल मिळत नाही आणि मुलाच्या मापाचे बाक मिळत नाही, हा संसार मी रोज पाहतो. तेव्हा माझे लक्ष तिकडे जावे यात आश्चर्य नाही.

आधी थोडे नळीविषयी सांगितले पाहिजे. सनईची पोकळी वरून खाली रुंद होत जाते. क्लॅरिओनेटची पोकळी बहुतेक लांबीभर सारखीच असते आणि तिचे वरचे तोंड वेताच्या पत्तीने जवळजवळ बंद झालेले असते. अशा नळीचा गुण असा की, तेवढ्याच लांबीच्या सनईसारख्या नळीपेक्षा ती सुमारे एक सप्तक खालचा स्वर देते. म्हणजे खर्जाला हे वाद्य मोठे सोयीचे. तरीसुद्धा हिशेब चुकत नाही: एक सप्तक खाली जायचे तर लांबी दुप्पट हवी. साधे क्लॅरिओनेट ६६ सेंटिमीटरांच्या आसपास. तेव्हा बेसची नळी सव्वा मीटरच्या पुढे जाते, आणि काँट्राबेसची अडीच मीटर ओलांडते. नळी दुप्पट झाली की भोकांमधली अंतरेही दुप्पट होतात, आणि भोकांची रुंदीही वाढावी लागते. माणसाचा पंजा मात्र परमेश्वराने एकाच मापाचा दिला आहे.

आपल्याकडे पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांना हीच अडचण बासरीत आली. रागदारीला पुरेल असा भारदस्त स्वर हवा म्हणून त्यांनी लांब, जाड बासरी हाती घेतली. बांबूला चाव्या नसतात. तेव्हा बोटांच्या टोकांऐवजी बोटे आडवी पसरून, पेरांनी भोके झाकण्याची रीत अशा मोठ्या बासरीवर लागते. तिथे तडजोड बोटांनी केली, बांबूने नव्हे. उलट दिशेने पाहायचे तर सोलापूरकडची सुंद्री आहे. ती सनईची धाकटी बहीण. तिच्यावर बोटे दाटीवाटीने बसतात. लहान वाद्याशी माणूस कसेतरी जुळवून घेतो. वाद्य मोठे झाले म्हणजे मात्र एका मर्यादेपुढे पंजा हार खातो.

युरोपात क्लॅरिओनेट जन्मले ते १७०० च्या सुमारास, न्यूरेंबर्गच्या योहान क्रिस्टोफ डेनर या कारागिराच्या हातून. त्याला खर्जाकडे ओढण्याची पहिली यशस्वी खटपट झाली ती १७७० च्या आसपास, पासाऊ गावच्या मायरहोफर नावाच्या कारागिरांकडून. त्यांच्या वाद्याला बॅसेट हॉर्न म्हणतात. ते पुरते बेस नव्हे, मधल्या उंचीचे. परंतु तेवढ्यानेच हात पोहोचेनासे झाले. यावर त्यांनी काय करावे? नळी विळ्यासारखी वाकवली. सरळ लाकूड आतून पोखरायचे, आतल्या अंगाने खाचा पाडायच्या, वाफेवर धरून वाकवायचे, आणि वरून चामडे मढवायचे. मढवलेली ती विळ्यासारखी वाद्ये आज संग्रहालयांत पाहायला मिळतात. पाहताक्षणी ध्यानात येते की हा बाक शोभेचा नाही. बसलेल्या माणसाच्या तोंडापासून निघून, दोन्ही हातांना वाटेत भेटून, मांडीच्या बाजूला जाऊन टेकणारी ती वाट आहे. पुढच्या कारागिरांना वाफेचा खटाटोप नकोसा झाला. त्यांनी दोन सरळ तुकडे कोपरासारखे कोनात जोडले. मोझार्टने ज्या वाद्यांवर इतका जीव लावला आणि १७९१ मधल्या आपल्या अपुऱ्या राहिलेल्या शेवटच्या रचनेतही ज्यांची जोडी घातली, ती हीच.

या वाद्याच्या अगदी खालच्या स्वरांच्या चाव्या उजव्या हाताच्या अंगठ्याकडे दिलेल्या होत्या. ही गोष्ट लहान दिसते, पण पुढचे सारे तिच्यावर अवलंबून आहे. साध्या क्लॅरिओनेटचा भार उजवा अंगठा पेलतो. बाकीची नऊ बोटे मोकळी राहतात ती त्याच्या जिवावर. आता त्याच अंगठ्याला चाव्या दाबायला सांगितले तर भार कोणी घ्यायचा? एका गड्याला एका वेळी हमालीही सांगावी आणि कारकुनीही सांगावी, तशातला हा प्रकार. उत्तर एकच: वाद्याला शरीरावर किंवा जमिनीवर दुसरीकडे कुठे तरी टेका मिळाला पाहिजे. बॅसेट हॉर्नने मांडीचा टेका घेतला. मोझार्टचा मित्र आंटोन श्टाडलर याने असेच खालचे जास्तीचे स्वर असलेले क्लॅरिओनेट वापरले, आणि मोझार्टने १७९१ मध्ये त्याच्यासाठीच आपला प्रसिद्ध कंचेर्टो लिहिला. ते वाद्य हरवले. १७९४ साली रीगा शहरी झालेल्या त्याच्या जलशाच्या छापील पत्रकावर त्याचे चित्र मात्र उरले. त्यात नळीचा खालचा भाग वळवून वादकाकडे आणलेला आहे. म्हणजे हा कारागीरही तोच प्रश्न सोडवीत बसला होता.

खऱ्या बेस क्लॅरिओनेटची गोष्ट ड्रेस्डेनच्या हाइन्रिख ग्रेन्झरपाशी सुरू होते, असे मी मानतो. त्याच्या आधीही काही ओबडधोबड प्रयत्न झाले होते; पण १७९३ ची खूण असलेले त्याचे वाद्य, जे पुढे स्टॉकहोमच्या संग्रहात गेले, ते पाहिले म्हणजे कसलेल्या हाताची खात्री पटते. ग्रेन्झरने नवा आकार शोधला नाही, शेजारचा उचलला. युरोपात खर्जाचे एक जुने वाद्य होतेच. त्याची नळी मधे दुमडून दोन पदरी केलेली असते आणि तोंड आकाशाकडे असते. इंग्रजीत त्याला ‘बसून’ म्हणतात, आणि मौज अशी की ते वाजवतातही बहुधा बसूनच! ग्रेन्झरने आपली लांब नळी तशीच दुमडली. लांबी अर्धी झाली. वाद्य छातीशी तिरपे धरता येऊ लागले, गळ्यातल्या पट्ट्याने त्याचा भार खांद्यांवर गेला, अंगठा सुटला.

मग भोकांचे काय? तिथेही त्याने बसूनचीच युक्ती घेतली. लाकडाची भिंत जाड ठेवायची आणि तीत भोके तिरपी पाडायची. आतल्या पोकळीत ती हवी तितकी दूर उघडतात, आणि बाहेरच्या अंगाला मात्र एकमेकांजवळ येऊन बोटांखाली बसतात. माणसाच्या पंजाशी इतक्या अदबीने वागणारे दुसरे वाद्य शोधूनही सापडणार नाही. कादंबरीकाराला असा कारागीर आवडतो. तो आधी माणूस पाहतो.

या अदबीची किंमत मात्र आवाजाने मोजली. बोटाने झाकता येईल एवढेच भोक म्हणजे लहान भोक. लांब, तिरप्या बोगद्यातून बाहेर पडणारा स्वर दबलेला. एक स्वर भरीव तर शेजारचा पोकळ. बसणे सुखाचे झाले, ऐकणे तितकेसे नाही. तरीसुद्धा हा आकार पुष्कळ वर्षे टिकला. अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डला जॉर्ज कॅटलिन याने १८१० च्या सुमारास अशीच दुमडलेली बेस क्लॅरिओनेटे बनवली. गटिंगेनच्या श्ट्राइटव्होल्फने १८२८ मध्ये याच घाटाचे वाद्य काढले. चालत्या पलटणीच्या बँडला असे आटोपशीर वाद्य गैरसोयीचे नव्हते.

तेवढ्यात नाटकगृहांनी या वाद्याला हाक मारली. १८३४ साली व्हेनिसला मेर्कादांते याच्या एका संगीतिकेत खर्जाच्या क्लॅरिओनेटला स्वतंत्र जागा मिळाली. २९ फेब्रुवारी १८३६ रोजी पॅरिसच्या ऑपेरात मायरबेअरची ‘ले यूगनो’ रंगमंचावर आली. तिच्या पाचव्या अंकात, मरणाच्या दारातल्या लग्नाच्या प्रसंगी, बाकी सारी वाद्ये गप्प होऊन एकटे बेस क्लॅरिओनेट बोलू लागते. आता पलटणीच्या गलबल्यात लपायची सोय राहिली नाही. भरल्या नाटकगृहात एकट्याने बोलायचे तर पोकळ स्वर उघडे पडणार.

आणि इथे आडॉल्फ साक्स प्रवेश करतो. हा दिनां गावी १८१४ साली जन्मला. बाप ब्रुसेल्सला वाद्ये बनवीत असे. लहानपणी हा जिन्यावरून पडला, टाचणी गिळून बसला, भाजला, विषारी पाणी प्यायला, अशा कथा त्याच्या चरित्रकाराने जमवून ठेवल्या आहेत. निम्म्या जरी खऱ्या धरल्या तरी पोरगा चिवट होता एवढे निश्चित. तो स्वतः उत्तम क्लॅरिओनेट वाजवी. २१ जून १८३८ रोजी, वयाच्या चोविसाव्या वर्षात, त्याने बेल्जियममध्ये नव्या बेस क्लॅरिओनेटचे पेटंट घेतले.

त्याने ग्रेन्झरचा सगळा विचार उलटा केला. ग्रेन्झरने बोटे पाहिली आणि भोके बोटांखाली आणली. साक्सने बोटांचा विचार आधी बाजूला ठेवला. नळीला जिथे भोक हवे तिथेच, आणि जेवढे रुंद हवे तेवढेच त्याने पाडले. ते बोटाने झाकेल की नाही याची फिकीर केली नाही. मग त्या भोकांवर गादी लावलेली झाकणे बसवली आणि दांड्यांनी, कमानींनी त्या झाकणांची टोके बोटांपर्यंत आणली. हा विचार त्या काळच्या हवेतच होता. म्युनिकच्या थेओबाल्ड ब्योमने बासरीवर १८३२ पासून तोच मार्ग धरला होता. पण एवढ्या थोरल्या नळीवर तो इतक्या धिटाईने कोणी चालवला नव्हता. आता नळी दुमडायचे कारणच उरले नाही. साक्सचे वाद्य सरळ होते, खांबासारखे. वरच्या टोकाला धातूची वाकवलेली मान. तिच्या टोकाला चोच. (फ्रेंच लोक तोंडात धरायच्या भागाला खरोखरच चोच म्हणतात.) स्वर खालून वरपर्यंत एकसारखा, भरीव. आजचे बेस क्लॅरिओनेट हे त्याच वाद्याचे वंशज आहे. ग्रेन्झरची दुमडलेली वाद्ये संग्रहालयात गेली.

आवाज जिंकला. पण शरीराने आपला दावा सोडला होता काय? मुळीच नाही. छातीशी तिरपे बसणारे वाद्य गेले आणि समोर मीटरभराचा सरळ खांब उभा राहिला. तो गळ्यात अडकवला तर मान धरते. मांडीवर ठेवला तर तोंडापाशी येत नाही. खालचे तोंड जमिनीकडे, म्हणजे आवाज सतरंजीला ऐकवायचा. यातली शेवटची अडचण आधी सुटली: खालच्या टोकाला धातूचा कर्णा लावून तो पुढे आणि वर वळवला. पुढे साक्सने १८४६ मध्ये पेटंट घेतलेल्या सॅक्सोफोनच्या मोठ्या रूपांतही ती वळलेली आकृती दिसते.

भाराचा प्रश्न सुटला तो अगदी साध्या वस्तूने: बुडाशी बसवलेल्या धातूच्या दांडीने. इथे मला चेल्लोची आठवण होते. ते थोरले तंतुवाद्य पुष्कळ काळ वादक आपल्या पोटऱ्यांत आवळून धरीत. साक्सच्याच मुलखातला आद्रियां-फ्रांस्वा सेर्वे (१८०७–१८६६) हा थोर चेल्लोवादक. त्याने वाद्याच्या बुडाशी दांडी लावून ते जमिनीवर टेकवण्याची चाल रूढ केली असे मानतात. बेस क्लॅरिओनेटलाही पुढे तीच मिळाली. दांडी आतबाहेर सरकते आणि फिरकीने हव्या त्या उंचीवर घट्ट होते. तीन-चार किलोंचे वाद्य जमिनीवर उभे राहिले. अंगठ्यावर त्याचा तोल सांभाळण्यापुरते काम राहिले. आणि ते बरेच झाले. कारण विसाव्या शतकात वाद्य आणखी लांबवून खालच्या षड्जापर्यंत नेले, तेव्हा त्या शेवटच्या स्वरांच्या काही चाव्या पुन्हा उजव्या अंगठ्याकडेच आल्या, पासाऊच्या त्या वाकड्या वाद्यावर होत्या तशाच.

एवढे झाल्यावर सगळा खेळ उंचीचा उरतो, आणि तो दिसतो त्याहून अवघड आहे. वाद्य बोटभर बुटके राहिले की वादक नकळत चोचीकडे वाकतो. पाठीला पोक येतो, हनुवटी छातीकडे जाते, गळा आवळतो आणि श्वास अर्ध्यावर अडतो. बोटभर उंच झाले की हनुवटी वर, मान ताठ, आणि पत्तीवरचा खालच्या ओठाचा दाब बदलून स्वर चिरकतो. म्हणून शिकवणारे आधी वाद्य बाजूला ठेवायला सांगतात. खुर्चीच्या पुढच्या भागावर, दोन्ही पाय जमिनीवर टेकवून, पाठ सरळ ठेवून बसा, समोर पाहा, आणि मग वाद्य तोंडाकडे आणा, तोंड वाद्याकडे नेऊ नका. वर्गात ‘ताठ बसा’ म्हणून ओरडण्यापेक्षा हे किती शहाणपणाचे!

वाद्य नेमके कुठे उभे करावे यावर मात्र वादकांचे एकमत नाही. कोणी दोन गुडघ्यांच्या मधे धरतो, कोणी किंचित उजवीकडे घेतो. कोणाला ते सरळ उभे आवडते, कोणी बूड खुर्चीखाली सारून तिरपे करतो. यातले पुष्कळसे त्या वाकवलेल्या मानेवर अवलंबून असते. काही मानेत चोच तोंडात जवळजवळ आडवी येते, सॅक्सोफोनसारखी. काहींत ती उतरती येते, साध्या क्लॅरिओनेटसारखी. साध्या वाद्यावर वाढलेल्याला दुसरी घरची वाटते. कित्येक जण कारखान्याची मान काढून टाकून आपल्या कोनाची निराळी करून घेतात. बुटक्या वादकाची अडचण वेगळीच: दांडी पूर्ण आत सारली तरी वाद्य उंचच राहते, मग खुर्ची वाढवावी लागते. दांडी गुळगुळीत फरशीवर घसरते म्हणून काही जण टेका असूनही गळ्यात पट्टा घालतात. त्याने भार वाटला जातो आणि वाद्य पुढे पळत नाही.

काँट्राबेसच्या बाबतीत कारागिरांना पुन्हा दुमडीकडे वळावे लागले. बर्लिनच्या व्हीप्रेख्ट आणि स्कोरा यांनी १८३९ मध्ये सरळ नळीचा एक प्रयोग केला. तो टिकला नाही. पॅरिसच्या फोंतेन-बेसों या कारखान्याने शतकाच्या अखेरीस नळीला पदर घातले. १८९७ साली ब्रुसेल्सला झालेल्या दांदीच्या ‘फेर्वाल’ या संगीतिकेत ते वाद्य वापरले आहे. विसाव्या शतकात लब्लां कारखान्यासाठी शार्ल ऊवनागेल याने धातूची नळी कागदाला लावायच्या टाचणपिनेसारखी गुंडाळली. अडीच मीटरांहून लांब वाद्य माणसाच्या बैठकीत मावू लागले. ग्रेन्झरच्या दुमडीचा आणि साक्सच्या झाकणांचा असा शेवटी एकाच वाद्यात संसार झाला.

बेस क्लॅरिओनेट मात्र वाद्यवृंदाच्या मागच्या रांगेत बसून राहिले. वाग्नरने १८६५ च्या ‘त्रिस्तान’मध्ये दुखावलेल्या राजाच्या तोंडच्या लांब स्वगताला त्याची सोबत दिली. चायकोव्हस्कीने १८९२ च्या ‘नटक्रॅकर’मध्ये साखरेच्या परीच्या नाजूक नाचाखाली त्याचे घरंगळते खालचे स्वर ठेवले. पण हे सगळे चार ओळींचे मानपान. २४ मार्च १९५५ रोजी चेक देशात ब्रनो शहरी योसेफ होराक (१९३१–२००५) याने केवळ बेस क्लॅरिओनेटचा स्वतंत्र जलसा केला; असा तो पहिलाच मानला जातो. पुढे पियानोवादक एमा कोवारनोवा हिच्या साथीने त्याने या वाद्याला देशोदेशी फिरवले. त्याच सुमारास अमेरिकेत जॅझ वाजवणारा एरिक डॉल्फी (१९२८–१९६४) हे वाद्य गळ्यातल्या पट्ट्यावर तोलून उभ्यानेच वाजवू लागला. त्याची छायाचित्रे पाहा: दांडी नाही, खुर्ची नाही, सबंध खांब अंगावर. बर्लिनमध्ये तो गेला तेव्हा त्याला छत्तीसच वर्षे झाली होती, पण उभे राहून हे वाद्य वाजवता येते हे त्याच्यानंतर कोणाला पटवावे लागले नाही.

हल्ली उभ्याने वाजवणारे नुसता गळ्यातला पट्टा वापरतातच असे नाही. पाठीवरून आणि दोन्ही खांद्यांवरून जाणारी पट्ट्यांची घोडी मिळते. तिने मानेवरचा ताण पाठीवर उतरतो. काही जण उभ्यासाठी लांब दांडी करून घेतात आणि वाद्य जमिनीवरच ठेवतात. बसून वाजवणारे आपली उंची एकदा सापडली की दांडीवर बारीकशी खूण करून ठेवतात. वाद्य पेटीतून काढले, तुकडे जोडले, पत्ती ओली केली, की स्वर लावण्याआधी ते खाली वाकतात, दांडी त्या खुणेपर्यंत ओढतात आणि फिरकी आवळतात.